मालमोटारीचे सुकाणू व पुढील आस : दोषनिदानाचा इतिहास

मालमोटार चालकाच्या इच्छेप्रमाणे वळविणारी आणि वळण संपताच तिला पुन्हा सरळ मार्गावर आणणारी यंत्रणा म्हणजे सुकाणू यंत्रणा होय. तिचे कार्य ज्या चाकांमार्फत घडते ती पुढील आसाच्या दोन टोकांना विशिष्ट कोनांत बसविलेली असतात. हे कोन बिघडले किंवा सांध्यांची झीज झाली म्हणजे गाडी एका बाजूला ओढली जाते, भरकटते, सुकाणूचक्र थरथरते वा जड होते आणि टायर अकाली झिजतात. लक्षण बहुधा सुकाणूचक्रावर जाणवते; कारण मात्र पुष्कळदा कमानपाट्यांत, आसाच्या तुळईत, सांगाड्यात किंवा मागील चाकांत असते. त्यामुळे लक्षणावरून कारण शोधण्याची, म्हणजे दोषनिदानाची, एक स्वतंत्र विद्या विसाव्या शतकात विकसित झाली. मालमोटारीत झालेल्या प्रत्येक सुधारणेने एखादे जुने लक्षण नाहीसे केले व एखादे नवे निर्माण केले. पूर्वी चालकाच्या हातांना जे थेट कळत असे, ते कळण्याचे काम हळूहळू उपकरणांकडे गेले.

पूर्वेतिहास : दोन चाकी बैलगाडीत सुकाणूचा प्रश्न उद्‌भवत नाही, बैल वळले की गाडी वळते. चार चाकी गाड्यांत मात्र पुढील चाकांना वेगळी दिशा द्यावी लागते. यूरोपातील घोडागाड्यांत संपूर्ण पुढील आस मध्यभागी असलेल्या एका जाड खिळीभोवती फिरत असे. या रचनेत दोन मोठे दोष होते. आस फार वळला की गाडीचा आधार अरुंद होऊन ती कलंडण्याचा धोका निर्माण होई. शिवाय एक चाक दगडावर आदळले की अर्ध्या आसाच्या लांबीइतक्या तरफेने धक्का बसून आस हिसक्याने फिरे. यावर उपाय म्हणून इंग्रज वैद्य व संशोधक एरॅस्मस डार्विन (१७३१–१८०२) यांनी १७५९ च्या सुमारास आस स्थिर ठेवून फक्त त्याच्या टोकांचे छोटे भाग फिरविण्याची कल्पना आपल्या गाडीसाठी वापरली. म्यूनिकमधील गाडीकार गेओर्ख लांकेनस्पेर्गर यांनी १८१६ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे सिद्ध केली आणि त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी रूडॉल्फ आकरमान (१७६४–१८३४) यांनी १८१८ मध्ये तिचे इंग्लंडमध्ये एकस्व घेतले. म्हणून ही रचना मूळ संशोधकाच्या नव्हे, तर प्रतिनिधीच्या नावाने ओळखली जाते.

या रचनेतील तत्त्व असे : गाडी वळताना सर्व चाकांच्या आसरेषा वाढविल्यास त्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. त्यासाठी वळणाच्या आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनातून वळावे लागते. तसे न झाल्यास एखादे चाक गरगर फिरण्याऐवजी घसरत जाते. फ्रान्समध्ये आमेदे बोले यांनी १८७३ मध्ये बांधलेल्या वाफेच्या प्रवासी गाडीत पुढील चाके स्वतंत्र खिळींवर वळत असत. पॅरिसचे गाडीकार शार्ल झांतो यांनी १८७८ मध्ये सुकाणूभुजांच्या वाढविलेल्या रेषा मागील आसाच्या मध्यावर मिळतील अशी सोपी मांडणी दाखविली. आजही मालमोटारीच्या सुकाणूभुजांची दिशा साधारणतः याच मांडणीस अनुसरून ठरविली जाते. कार्ल बेंझ (१८४४–१९२९) यांनी १८८६ मध्ये एकस्व घेतलेल्या मोटारगाडीला तीनच चाके होती. दोन पुढील चाके वळविण्याच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना तोपर्यंत मिळालेले नव्हते. ते त्यांनी १८९३ च्या एकस्वात दिले. पॅरिस–रूआन शर्यतीत १८९४ मध्ये आल्फ्रेड व्हाशेराँ यांनी दांड्याऐवजी चक्राच्या साहाय्याने गाडी चालविली आणि पुढे सुकाणूचक्र सर्वत्र रूढ झाले.

गोटलीप डाइम्लर यांच्या कंपनीने १८९६ मध्ये विकलेली मालमोटार ही अंतर्ज्वलन एंजिनावर चालणारी पहिली मालमोटार मानली जाते. तिचे एंजिन ४ अश्वशक्तीचे होते व ती १,५०० किग्रॅ. माल वाहून नेई. तिची चाके लाकडी असून त्यांना लोखंडी धावा होत्या. इतक्या मंद व खडखडणाऱ्या गाडीत चाकांच्या कोनांतील सूक्ष्म फरक कळण्याचा प्रश्नच नव्हता. दोष याचा अर्थ त्या काळी मोडतोड असाच होता.

पुढील आसाचे कोन : मालमोटारीचा पुढील आस ही घडाई केलेल्या पोलादाची एकसंध तुळई असते. तिच्या टोकांना किंगपिन या उभ्या खिळीभोवती चाकाचा लहान आस फिरतो. चाकाची ठेवण मुख्यतः चार मापांनी ठरते. चाकाचा वरचा भाग बाहेरच्या बाजूस झुकलेला असल्यास त्या कलाला धन कँबर म्हणतात. घोडागाडीची लाकडी चाके बशीसारखी खोलगट असत व त्यांचा खालचा अरा उभा राहावा म्हणून आसाची टोके खाली वाकविलेली असत. मोटारीतील कँबर हा तिचा वारसा होय. मालमोटारीत त्याला आणखी एक प्रयोजन लाभले. भाराखाली तुळई मध्यभागी खाली वाकते व चाकांचे माथे आत झुकू लागतात; रिकाम्या गाडीत दिलेला थोडा बाहेरचा कल भार चढल्यावर चाके जवळजवळ उभी आणतो. समोरून पाहिले असता किंगपिनचा माथा आतल्या बाजूस झुकलेला असतो. त्यामुळे तिची वाढविलेली रेषा टायर रस्त्याला जेथे टेकतो त्या जागेजवळ येते, सुकाणू हलके होते व रस्त्याचे धक्के कमी जाणवतात.

बाजूने पाहिले असता किंगपिनचा माथा मागे कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. पलंगाच्या पायाला लावलेले चाक ढकलण्याच्या दिशेमागे आपोआप सरळ होते, त्याचप्रमाणे कॅस्टरमुळे मालमोटारीची चाके वळणानंतर सरळ होऊ पाहतात. कॅस्टर कमी असल्यास गाडी भरकटते व सुकाणूचक्र परत येत नाही; जास्त असल्यास सुकाणू जड होते, धक्के हातापर्यंत येतात व चाके थरथरण्याची प्रवृत्ती वाढते. दोन बाजूंचा कॅस्टर असमान असल्यास गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला, तर कँबर असमान असल्यास अधिक धन कँबरच्या बाजूला ओढली जाते. चौथे माप म्हणजे टो-इन. पुढील दोन टायरांच्या पुढच्या कडांतील अंतर मागच्या कडांतील अंतरापेक्षा काही मिमी. कमी ठेवतात, म्हणजे चालताना सांध्यांतील मोकळीक भरून निघून चाके समांतर होतात.

या चारही मापांपैकी टो-इन हे एकच जोडदांड्याची, म्हणजे टाय रॉडची, लांबी बदलून सहज जुळविता येते. कॅस्टर आस व कमानपाटे यांच्यामध्ये पाचरी घालून बदलतात. कँबर व किंगपिनचा कल तुळईच्या घडणीतच असतात. ते बदललेले आढळले तर तुळई वा लहान आस वाकला आहे किंवा किंगपिन झिजली आहे, असाच निष्कर्ष काढावा लागतो. कोनांच्या मापनाला निदानाचे मूल्य प्राप्त होते ते यामुळे : जे माप जुळविता येत नाही, तेच अपघाताची वा अतिभाराची साक्ष देते.

हवेचे टायर आणि चाकांची थरथर : पहिल्या महायुद्धापर्यंत मालमोटारींना भरीव रबरी टायर असत. गुडइयर कंपनीने १९१७ मध्ये ॲक्रन ते बॉस्टन अशी मालमोटार हवेच्या टायरांवर धाववून त्यांची उपयुक्तता दाखविली. वेग वाढला आणि त्याबरोबर नवीन दोष पुढे आले. १९२० नंतरच्या दशकात कमी दाबाचे फुगीर टायर आणि पुढील चाकांचे ब्रेक प्रचारात येताच ठराविक वेगाला पुढील चाके डावी-उजवी जोरात थरथरू लागली. मिस्त्री प्रथम सुकाणूपेटी घट्ट करीत. त्याने दोष जात नसे. फ्रेंच अभियंते झॉर्झ ब्रूलिए यांनी १९२५ मध्ये या थरथरीचे विवेचन करताना दाखविले की, टायर ज्या दिशेने तोंड करून असतो त्याच दिशेने तो नेमका जात नाही. बाजूने बल येताच तो थोड्या कोनाने सरकत जातो. पुढे असेही स्पष्ट झाले की, एकसंध आसाचे एक टोक वर उचलले की भोवऱ्याच्या तत्त्वाने फिरते चाक वळू लागते. चाक वळले की आस पुन्हा झुकतो आणि दोन्ही हालचाली एकमेकींना खतपाणी घालून अनुस्पंदन निर्माण करतात.

मोटारगाड्यांत १९३० नंतर पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन देऊन ही साखळी तोडण्यात आली. मालमोटारींनी मात्र भारक्षमता, साधेपणा व दुरुस्तीची सोय यांसाठी एकसंध आस कायम ठेवला. त्यामुळे थरथरीचे निदान हा मालमोटारीचा जुना वारसा राहिला : टायरातील दाब व चाकाचा समतोल, धारव्यांची व किंगपिनची ढिलाई, जास्त कॅस्टर आणि सैल जोडसांधे यांपैकी एकेक कारण क्रमाने वगळावे लागते. ब्रेक लावताना कमानपाटे पिळले जाऊन आसाचा माथा पुढे झुकतो व कॅस्टर घटतो, हेही याच काळात ध्यानात आले. झिजलेल्या किंवा मोडक्या पाट्यांची गाडी एरवी सरळ धावते व ब्रेक लावताच बाजूला खेचते, याचे हे एक स्पष्टीकरण होय.

मापनाची साधने : टो-इन मोजण्याची सर्वांत जुनी रीत सोपी आहे. चाक उचलून फिरवीत टायरच्या मध्यावर टोकदार खिळ्याने बारीक रेघ ओढतात. मग चाके जमिनीवर टेकवून आसाच्या उंचीवर दोन रेघांमधील अंतर पुढे व मागे मोजतात. याच कामासाठी दोन दर्शक असलेली आडवी सळई, म्हणजे ट्रॅमल, वापरात आली. कँबर व कॅस्टर यांसाठी पाणसळ बसविलेली मापके आणि चाके ज्यावर सहज फिरतील अशा फिरत्या तबकड्या आल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास चाकाला बसविलेल्या दिव्याचा झोत पडद्यावर पाडून कोन वाचणारी प्रकाशीय उपकरणे, तर अखेरच्या दशकात चाकांवरील लक्ष्यांची कॅमेऱ्याने चित्रे घेऊन संगणकाने सर्व कोन एकदम काढणारी उपकरणे प्रचारात आली. गाडी एका सरकत्या पट्टीवरून नेऊन चाकांची आडवी सरक मोजणारे साधनही तपासणी केंद्रांत वापरतात.

लहान कोनांचे महत्त्व हिशेबाने स्पष्ट होते. टायरचा व्यास १ मी. धरल्यास आणि टो-इन योग्य मापापेक्षा ३ मिमी.ने चुकल्यास प्रत्येक चाक सु. ०.०९° इतके तिरपे होते. सरळ रस्त्यावर असे चाक दर किमी.ला सु. १.५ मी. आडवे फरफटते, ५०,००० किमी. प्रवासात ही फरफट सु. ७५ किमी. भरते. डोळ्याला न दिसणारा फरक रबराला चुकत नाही. म्हणूनच टायरची झीज हा निदानाचा लेखी पुरावा मानतात. दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी, मध्य झिजल्यास हवा जास्त, एकच कड गुळगुळीत झाल्यास कँबरचा दोष, तर खोलगट वाट्यांसारखी झीज असल्यास असमतोल किंवा सैल धारवे यांचा संशय घेतात. टो-इनच्या दोषात टायरच्या पट्ट्यांना पिसासारख्या धारा येतात. तळहात बाहेरून आत फिरविताना गुळगुळीत व आतून बाहेर फिरविताना धारदार लागल्यास टो-इन जास्त असते. उलट लागल्यास चाके पुढे फाकलेली असतात. मिशलँ कंपनीने १९५२ मध्ये मालमोटारींसाठी अरीय टायर आणल्यावर या खुणा काहीशा बदलल्या : त्यांत धारांपेक्षा कडेची झीज अधिक ठळक दिसते.

शक्तिसाहाय्य : भार वाढला तसे सुकाणू जड होत गेले. पेटीतील दंतगुणोत्तर वाढविल्याने जोर कमी लागे, पण चक्र अनेक वेढे फिरवावे लागे. मळसूत्र व नट यांमध्ये पोलादी गोळ्या फिरत्या ठेवून घर्षण कमी करणाऱ्या पेट्या १९४० च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आल्या. खरा उपाय द्रवीय साहाय्याचा होता. पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागातील अभियंते फ्रान्सिस डेव्हिस (१८८७–१९७८) यांनी तेलदाबाच्या साहाय्याने सुकाणू हलके करणारी यंत्रणा तयार करून १९२६ मध्ये ती दाखविली. जनरल मोटर्सने तीत रस घेतला, पण खर्चामुळे १९३४ मध्ये योजना सोडून दिली. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी वाहनांना अशा यंत्रणा बसविण्यात आल्या, १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने ती मोटारगाडीत विक्रीस आणली आणि नंतरच्या दशकांत जड मालमोटारींत ती सर्रास झाली.

या सुधारणेने चालकाचे खांदे वाचविले, पण निदान अवघड केले. साध्या सुकाणूत वंगणाअभावी घट्ट झालेली किंगपिन चालकाला जडपणाने लगेच कळत असे. द्रवीय साहाय्य हा जडपणा गिळून टाकते. मग चक्र वळणानंतर परत येत नाही आणि गाडी सारखी सावरावी लागते, एवढेच जाणवते. तक्रार भरकटण्याची असते, कारण घट्टपणाचे असते. चालक दिवसभर नकळत दुरुस्त्या करीत राहतो व थकवा येतो. म्हणून तपासणीची एक नवी रीत रूढ झाली : उभ्या गाडीत एंजिन चालू ठेवून एकजण चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवितो व दुसरा खाली राहून प्रत्येक सांधा पाहतो. जो भाग हलतो पण पुढचा हलत नाही, त्या दोहोंमध्ये झीज असते. पंपाचा दाब, तेलाची पातळी व झडपा यांची परीक्षा त्यानंतर येते.

भारतातील स्थिती : मुंबईजवळ कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९४७ पासून अमेरिकी बनावटीच्या गाड्यांची जुळणी सुरू केली. मद्रासजवळ एन्नोर येथे १९४८ मध्ये स्थापन झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली, तर जमशेदपूर येथे टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. तिचा पुण्याचा कारखाना पुढे उभा राहिला. याच प्रकारच्या सांगाड्यांवर राज्य परिवहनाच्या बसगाड्या बांधल्या गेल्या. पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर १ जून १९४८ रोजी सुरू झालेल्या या सेवेच्या विस्ताराबरोबर दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत आस व सुकाणू यांच्या दुरुस्तीचे संघटित काम होऊ लागले. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (१९६६) व भोसरी येथील केंद्रीय रस्ते परिवहन संस्था (१९६७) या पुण्यातील संस्थांनी वाहनचाचणी व प्रशिक्षण यांची सोय केली.

भारतीय परिस्थितीत काही कारणे विशेष ठरतात. वाहने डाव्या बाजूने चालतात व पाणी वाहून जाण्यासाठी रस्ता डावीकडे उतरता असतो. त्यामुळे निर्दोष गाडीही किंचित डावीकडे जाऊ पाहते. रस्त्याचा उतार व गाडीचा दोष यांची गल्लत होऊ नये म्हणून चाचणी शक्यतो सपाट रस्त्यावर घेतात. मालमोटारींचे सांगाडे विकत घेऊन त्यांवर स्थानिक कारागिरांकडून साटे बांधून घेण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ असल्याने भाराची विभागणी एकसारखी नसे. मागील बाजू भाराने दबली की सांगाडा कलतो व पुढील आसाचा कॅस्टर वाढतो. म्हणून रिकाम्या गाडीत घेतलेले माप भरल्या गाडीला लागू पडेलच असे नाही. दोन टायरांच्या पुढील आसावरील अनुज्ञेय भार २०१८ मध्ये ६ टनांवरून ७ टनांवर नेण्यात आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमानुसार सुकाणूचक्रावरील मोकळीक ३०° पेक्षा अधिक असता कामा नये आणि सांध्यांचे बोल्ट व खिळी निसटणार नाहीत अशा रोखलेल्या असाव्यात. ५० सेंमी. व्यासाच्या चक्रावर ३०° म्हणजे कडेवर सु. १३ सेंमी. अंतर होय. घाटातील वळणावर एवढा हात फिरेपर्यंत चाके जागची हलली नाहीत, तर काय घडेल हे उघड आहे. म्हणून ही मर्यादा सुस्थितीची खूण नसून धोक्याची सीमा समजली पाहिजे.

निदानाचा क्रम : दीर्घ अनुभवातून एक क्रम सर्वमान्य झाला आहे. प्रथम टायरांचा दाब व झीज, नंतर कमानपाटे, त्यांचे मध्यबोल्ट व आवळपट्ट्या, मग चाकांचे धारवे व किंगपिन, त्यानंतर जोडदांडा व ओढदांडा यांचे सांधे, पुढे सुकाणूपेटी आणि सर्वांत शेवटी कोनांचे मापन केले जाते. उचललेले चाक वर-खाली धरून हलविल्यास मोकळीक कळते. ती धारव्याची की किंगपिनची हे ठरविण्यासाठी ब्रेक दाबून पुन्हा हलवितात. मोकळीक नाहीशी झाल्यास दोष धारव्यात, कायम राहिल्यास किंगपिनमध्ये असतो. हा क्रम उलटा केल्यास, म्हणजे झिजलेल्या सांध्यांवरच टो-इन जुळविल्यास, उपकरणावर माप बरोबर येते आणि गाडी पहिल्याच खड्ड्यात ते हरवून बसते.

मागील आसाचा विचार या क्रमात सर्वांत उशिरा सामील झाला. कमानपाट्यांचा मध्यबोल्ट तुटून मागील आस तिरपा झाला की तो गाडीला एका बाजूला ढकलतो; चालक चक्र वळते धरून ती सरळ चालवितो. अशा गाडीचे पुढील टायर झिजतात, चक्र सरळ रस्त्यावरही तिरपे राहते आणि दोष पुढील आसात आहे असे वाटते. पुढील आस कितीही जुळविला तरी तो जात नाही. दोन मागील आस असलेल्या गाड्यांत ते परस्परांना समांतर नसल्यास हाच परिणाम अधिक तीव्र होतो. म्हणून आधुनिक उपकरणे पुढील चाकांचे कोन सांगाड्याच्या मध्यरेषेशी व मागील आसांच्या दिशेशी ताडून पाहतात.

व्होल्व्हो कंपनीने २०१३ मध्ये द्रवीय पेटीवर विद्युत् चलित्र बसविलेली यंत्रणा मालमोटारींत आणली. ती रस्त्याच्या उतारामुळे होणारी ओढ आपोआप भरून काढते व खड्ड्यांचे धक्के चक्रापर्यंत येऊ देत नाही. अशा गाडीत चालकाच्या हातांना होणारा बोध आणखी कमी होतो. त्यामुळे ठराविक अंतरानंतर चाके उचलून केलेली तपासणी, टायरच्या झिजेचे निरीक्षण व कोनांची नोंद यांचे महत्त्व घटलेले नसून उलट वाढले आहे.